भीतीची आठवण

नागापूरच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर माझ्या धाकट्या भावाची दोन बोटे गेली. जखम केव्हाच भरली. परंतु शेजारी कुणाच्या हातून पत्र्याचा डबा पडला, तरी आजही त्याला दरदरून घाम सुटतो. 'गड्यासारखा गडी, अन् आवाजाला भितो! मन घट्ट कर की!' असे घरचेच म्हणतात. मला हे बोलणे अन्यायाचे वाटते.

आवाज कानी पडताच मेंदूतील अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे केंद्र शरीराला सावध करते. 'हा तर डबा' हा विचार मागाहून येतो. तोवर छाती धडधडू लागलेली असते. जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञाने १९९६ साली 'द इमोशनल ब्रेन' या ग्रंथात हे दोन मार्ग उलगडून दाखविले. (दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच!)

अशी आठवण सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी सुरक्षिततेची दुसरी आठवण रुजवावी लागते, आणि ती उपदेशाने रुजत नाही. समुपदेशकाच्या सल्ल्याने भाऊ आता रोज सायंकाळी एमआयडीसीच्या रस्त्याने चालत जातो, दुरून यंत्रांचा आवाज ऐकत थोडा वेळ थांबतो व परततो. परवा तो पहिल्या चौकाच्या पुढे गेला.