पाइपातला गडी

कळसाडीतल्या एका शेतकऱ्याने ठिबकची जुनी नळी ब्लेडने उभी चिरून माझ्या हातावर ठेवली. आत पांढरं, खरबरीत कवच. ड्रीपरचं तोंड जवळजवळ बुजलेलं. "क्षार धरलाय," म्हणत त्याने नखाने टवका काढला. शेतातली नळी अशी चिरता येते. मुंबई हायपासून उरणपर्यंत समुद्रतळावरून आलेली, सुमारे 200 किलोमीटरची तेलवाहिनी कोण चिरणार? तिथे आत शिरणारा गडीच लागतो. त्याचं नाव पिग.

नाव डुकराचं, पण स्वभाव बैलाचा. पोलादी कणा, पुढे-मागे नळीला घट्ट बसणाऱ्या रबरी वाट्या. इंजिन नाही, मागून येणारं तेल किंवा वायू त्याला पुढे रेटतो. लाँचरमधून आत जातो आणि कैक तासांनी रिसीव्हरच्या दारात येतो तेव्हा अंगभर मेण आणि काळा गाळ असतो. माणसं आधी त्याच्या कमरेची अॅल्युमिनियमची चकती पुसतात. तिचा व्यास नळीच्या आतल्या व्यासाच्या साधारण 95 टक्के. वाट अरुंद असली की हा मऊ धातू वाकतो. अडचण कितपत आहे, ते तो स्वतःच्या अंगावर लिहून आणतो. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

कुठे वाकला, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते काम त्याच्या भावाचं: नळीच्या भिंतीला बोटं टेकवत, चाकांनी अंतर मोजत जाणारा कॅलिपर पिग. थर जाड असेल तर दोघेही अडकतील, म्हणून आधी फोमचा मऊ पिग सोडतात. जिथे कुणीच शिरू शकत नाही, तिथे पाइपाच्या एका बाजूने गॅमा किरण सोडून दुसऱ्या बाजूला मोजतात. थर जाड, तर किरण कमी.

एवढी धडपड कशाला? ड्रीपरमधला चुन्याचा क्षार आम्लाने विरघळतो. पण तेलासाठी जमिनीत सोडलेल्या समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट खडकातल्या पाण्यातल्या बेरियमला भेटलं, की बेरियम सल्फेटचा दगड होतो. आम्ल त्याला हलवत नाही. तो पातळ असतानाच सापडायला हवा.

ठिबकच्या नळीत पिग जात नाही. तिथला पिग म्हणजे पाणीच. तेव्हा शेतकरी दादांनो, लॅटरलची, म्हणजे या ठिबक नळ्यांची, टोकं अधूनमधून उघडा, आणि गढूळ पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत बंद करू नका.