परवाना कोणाच्या हातात?

दोह्यात एका बांधकाम कंपनीच्या कार्यालयात कामगारांचे व्हिसा आणि आयडी काढण्याचं काम मी करतो. नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हवी, या कतारमधल्या नियमाचा मी वर्षानुवर्षं समर्थक होतो. व्हिसाची मंजुरी कंपनी मिळवते, तिकीट आणि आयडीचं शुल्क कंपनी भरते. मग दोन महिन्यांत माणूस शंभर रियाल जास्त देणाऱ्याकडे निघून गेला, तर कंपनीने माणसं आणायची तरी कशाला? कफील, म्हणजे व्हिसा काढणारा मालक, हा जबाबदारी घेणारा असतो, असं मी नवीन आलेल्या मुलांनाही समजावून सांगत असे.

हे मत हललं ते कामगारांच्या कॅम्पवर, आपल्या चिपळूण-खेडकडच्या मुलांशी बोलताना. भारतात नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. या मुलांनी त्याच्या कितीतरी पट दिले होते, आणि पावती एकाकडेही नव्हती. कुणाच्या आईचे दागिने गहाण, कुणी व्याजाने रक्कम उचललेली. या मुलांच्या व्हिसा-आयडीसाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, कंपनीने खर्च केला होताच. पण कामगाराने अख्खं घर पणाला लावलं होतं, आणि त्याने राहायचं की जायचं हे मात्र एकटा मालक ठरवत होता. कर्ज डोक्यावर असलेला माणूस पगार थकला तरी बोलत नाही. वेल्डर म्हणून आणून हेल्परचं काम दिलं तरी बोलत नाही. त्याला अडवायला मालकाला काहीच करावं लागत नसे. सही न करणं पुरेसं होतं.

2020 च्या ऑगस्टअखेरीस कतारने एनओसीची अट काढून टाकली. माझ्या जुन्या शंकेचं उत्तरही त्याच बदलात मिळालं: प्रोबेशनमध्येच कामगार गेला, तर नव्या मालकाने जुन्याला भरतीखर्चाचा आणि तिकिटाचा वाटा द्यायचा. मार्च 2021 पासून किमान मूळ वेतन 1000 रियाल झालं. राहणं-जेवण कंपनीचं नसेल तर 500 आणि 300 रियाल वेगळे.

तरीही राजीनामा दिला की फरार झाल्याची तक्रार करू, आयडी रद्द करू, अशी धमकी आजही दिली जाते. जोवर तक्रार करण्याचा आणि आयडी रद्द करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तोवर सुधारणा अर्धीच, असं मी आता ठामपणे म्हणतो. परवाना कामगाराचा असावा. मालकाने पगार द्यावा आणि काम घ्यावं.

आखातात निघालेल्या माझ्या भावांनो, एजंटाची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये करारावर सही करण्याआधी हुद्दा आणि मूळ पगार वाचा, समजला नाही तर विचारा. आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. तुम्ही लेखी विनंती केल्याशिवाय तो ठेवून घ्यायला मालकाला कतारच्या कायद्याने मनाई आहे.