अंक उतरला

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या सुताचा अंक, म्हणजे बारीकपणा, उतरला. विसावर चालणारा हात बारावर आला, आणि बाराची तारही मधेच सुटू लागली. डाव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. मानेतली शीर दबली आहे, वयाप्रमाणे होते, असे डॉक्टर म्हणाले. दुखत नाही. दुखले असते तर सोसले असते. कापसाचा पेळू बोटांत आहे की निसटला, हेच बोटांना कळत नाही, त्याचे काय करायचे?

चरख्याचे चाक कोणीही फिरवते. कातणे असते ते डाव्या हातात, आणि डाव्या हातातही एका क्षणात. तार ओढली की ती कुठे जाड निघते, कुठे बारीक. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. ती जागा आधी घट्ट होते, जाड जागा मोकळीच राहते. नेमके तेव्हा हात आणखी मागे न्यायचा. घट्ट जागा हलत नाही, जाड जागेतले तंतू एकमेकांवरून सरकतात आणि तार सारखी होते. लवकर ओढले तर बारीक जागाच तुटते. उशीर झाला तर जाड जागेतही पीळ भरतो, मग ते जाडपण कापडापर्यंत जाते. या लवकर आणि उशिराच्या मधला क्षण पकडायला शिकण्यात माझे आयुष्य गेले. घरातली माणसे समजत होती की आई निवांत बसली आहे.

बरे, तो क्षण रोज एकाच ठिकाणी सापडत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की कापूस कोरडा पडतो आणि तार तटकन तुटते. तेव्हा पहाटेच बसायचे, शेजारी ओले फडके टांगायचे. श्रावणात पेळू दमट होतो, तंतू एकमेकांना सोडत नाहीत. कापूस बदलला तरी हिशेब बदलतो. देशी कपाशीचा धागा आखूड, त्याला पीळ जास्त लागतो आणि ओढायला सवड कमी मिळते. २००२ नंतर बीटीचे बियाणे आले आणि आमच्याकडची देशी कपाशी बरीचशी हटली. ज्या हिंगणघाटच्या नावाने इंग्रजांच्या काळी इंग्लंडच्या बाजारात कापूस विकला जाई, त्याच तालुक्यात आज देशी कापूस शोधावा लागतो. लांब धाग्याचा कापूस हाताला सोपा जातो, पण हात आळशी होतो, असे माझे मत आहे. माझ्या मैत्रिणींना ते पटत नाही. त्या लांब धाग्यावर चाळीस अंक काढतात आणि मिरवतात. ती तार उजेडात धरली की मला तिच्यातले चढउतार दिसतात. समान निघालेला सोळा मी तुटक्या चाळिसाच्या वर ठेवते.

अंबर चरख्याबद्दलही मला बोलायचे आहे. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते, तेव्हापासून सगळ्यांना भरभर कातणारे यंत्र हवे होते. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांचा अंबर आला. त्याच्यात तंतू ओढायचे काम रूळ करतात. मी ज्या क्षणाबद्दल लिहिते आहे, तो बोटांतून निघून रुळांत गेला. अंबरावर बायांना मजुरी मिळते, घर चालते, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण अंबरावर सूत काढणारीने मला हात कसा ठेवावा ते सांगू नये.

हा अभिमान आहे, आणि तो माझ्यात पुष्कळ आहे. लग्नामुंजीत मी स्वतःच्या सुताचे उपरणे द्यायची, आणि ते कोणी बोटांत चोळून पाहते का, तिकडे माझे लक्ष असायचे. दुसरीच्या सुताची लटी हातात आली की मी ती उजेडाकडे धरायची आणि काहीच बोलायची नाही. माझ्या न बोलण्याचा अर्थ सगळ्या जणी ओळखून होत्या. सासूबाई माझ्याहून जाड कातायच्या. आमच्या घरातली सगळी पांघरुणे त्यांच्या सुताची होती, तरी मी मनात त्यांना कधी कातणारी म्हटले नाही.

आता नात शेजारी बसते. परवा ती म्हणाली, "आजी, तुझा हात आताशा झटक्यानं ओढते. माझा धागा काऊन नाही तुटत वं?" तिची तार मी पाहिली. समान होती. मला आनंद झाला, आणि त्याच्या आधी पोटात काहीतरी ढवळले. तिला विचारले, कधी ओढायचे हे तुला कसे कळते? म्हणाली, कळत नाही, ओढल्या जाते.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा त्यांना नेसवलेली साडी बापूंनी कातलेल्या सुताची होती. सेवाग्रामला बांच्या कुटीपाशी गेले की मला ती आठवते. त्या सुताचा अंक काय होता, हे विचारावेसे मला इतकी वर्षे वाटायचे. हल्ली वाटत नाही.

धाम नदीत बापूंच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या १२ फेब्रुवारीला पवनारच्या सर्वोदय मेळाव्यात सुताची गुंडी अर्पण करतात. तार चार फुटांची, गुंडी ६४० तारांची. यंदा माझी गुंडी बारा अंकाची असेल, आणि तिच्यात सांधे पुष्कळ असतील. नातीची वेगळी असेल. दोन्ही एकत्र बांधणार नाही, एवढा हट्ट अजून आहे.

ज्यांच्या माळ्यावर पेटीचरखा पडून आहे, त्यांना एक सांगते. तो खाली काढा, माळ बदला, चाती वाकली असेल तर सरळ करून घ्या. सुनेला, मुलीला, नातीला बसवाल तेव्हा पेळू देशी कापसाचाच द्या. आणि पहिले काही महिने तिचे सूत उजेडाकडे धरू नका.