शब्दांची पत

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ओळखले जाते ते समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे. अशा गावातून व्याख्यानालाच व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणासमोर पहिला पेच उभा राहतो तो मानधनाचा. मागावे, तर विद्या विकल्याचा बोल लागतो. न मागावे, तर शाल-श्रीफळावर घर चालत नाही.

महाराष्ट्रात श्रोत्यांची वाण नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही भरते. फलटणचे प्राचार्य शिवाजीराव भोसले पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे नाव श्रोत्यांनीच गावोगाव नेले.

पेढीचा धडा येथेही लागू पडतो: जाहिरात गिऱ्हाईक एकदा आणते, पत त्याला पुन्हा आणते. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती हा व्याख्यात्याचा हंगाम. त्याआधीच मंडळे व महाविद्यालयांशी संपर्क साधावा. मानधन आणि प्रवासखर्च लेखी ठरवावा. विनामूल्य व्याख्याने किती द्यायची, याची मर्यादा स्वतःशी आखावी. निमंत्रकांची नोंदवही ठेवावी, वेळ पाळावी आणि प्रत्येक गावासाठी विषय नव्याने बांधावा.

मोबदला घेण्यात कमीपणा नाही. तयारीविना घेण्यात आहे. श्रोत्याने दिलेला तासभर हे व्याख्यात्यावरचे कर्जच असते आणि ते व्याजासह फेडावे लागते.