काचेला घाई चालत नाही!

बालमित्रांनो, काचेचं बेसिन पाहिलंय तुम्ही? आमच्या सडक अर्जुनीच्या मुलांनी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न हजर! "गुरुजी, काच तर फुटते. मग ही वाकवली कशी?"

मी शोधाशोध केली. गंमत म्हणजे काच स्वतःच्या वजनानंच वाकते! त्यासाठी लागते विजेची भट्टी आणि भाजलेल्या मातीचा खोलगट साचा. अडकलेली हवा निघून जावी म्हणून साच्याच्या बुडाला बारीक भोकं असतात. काच चिकटू नये म्हणून आतून पांढऱ्या चिनी मातीचा लेप देतात. भट्टीला उष्णतामापक हवाच. सांडपाण्याचं भोक काच सपाट असतानाच पाडून घेतात. मग काच साच्यावर ठेवायची. सुमारे ७०० अंश सेल्सिअसला ती मऊ होते आणि अलगद साच्यात बसते.

आमच्याकडे कुठली विजेची भट्टी? पण कुंभारबाबांचा आवा होता! खिडकीच्या काचेचा तुकडा लेप दिलेल्या परळावर ठेवला, वर मडकं पालथं घातलं आणि माठांच्या मधोमध जागा मिळाली. वरून तणस अन् माती.

"गुरुजी, दोन दिवस हात नोका लावू," बाबा म्हणाले.

पण मला कुठला धीर! दुसऱ्याच दिवशी सकाळी मुलांना घेऊन गेलो आणि हट्टानं आवा उघडायला लावला. परळात हिरवट झाक असलेली सुंदर वाटी! मी ती चिमट्यानं उचलली मात्र, 'टण्ण' आवाज झाला. वाटीचे दोन तुकडे! गार वाऱ्यानं बाबांचे दोन माठही तडकले. मुलं गप्प. माझी मान खाली.

असं का झालं? काचेचं बाहेरचं अंग आधी निवतं, आकसतं. आतलं गरमच असतं. त्या ओढाताणीत काच फुटते. म्हणून भट्टीत ती साडेपाचशे अंशांच्या आसपास काही वेळ ठेवतात, मग हळूहळू निववतात. १९०८ साली लोकांच्या एकेक पैशातून तळेगाव दाभाड्याला उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना असो, की आजची बेसिनची भट्टी, ही पायरी कुणालाच चुकत नाही.

मी बाबांची माफी मागितली, माठांचे पैसे दिले. पुढच्या आव्याला मात्र दोन दिवस कुणी तिकडे फिरकलोच नाही. वाटी अखंड निघाली!

आता वर्गाच्या खिडकीत दोन्ही वाट्या आहेत. फुटकी कुणी फोडली, असं पाहुण्यांनी विचारलं, की सगळा वर्ग माझ्याकडे बोट दाखवतो. मीही हात वर करतो.

तुम्ही मात्र हा प्रयोग मोठ्या माणसांशिवाय करायचा नाही हं!