फिर्यादी (वय २९)

फ्रीलान्सरला वीकेंड नसतो असं आम्ही फ्रीलान्सर मंडळी उगीच सांगत फिरतो. असतो, फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत. तर ८ फेब्रुवारी २०२५च्या शनिवारी, पोहे खाता खाता, मी ६८ हजार ५०० रुपये घालवले. पाऊण तासात. घराबाहेर पाऊलही न टाकता, स्वतःच्या अंगठ्याने.

घर शोधत होते. रूममेटचं लग्न ठरलं होतं आणि आमच्या दोघींच्या फ्लॅटचं भाडं एकटीला परवडणारं नव्हतं. एका साइटवर कर्वेनगरमधला वन बीएचके दिसला. भाडं १४ हजार, पूर्वेला बाल्कनी आणि बाल्कनीत तुळस. त्या तुळशीनेच माझा घात केला असं मी आजही म्हणते. मालक फौजी. बदली झाली म्हणून घर भाड्याने देतोय. फोन उचलल्या उचलल्या 'जय हिंद, मॅडम'. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर आधार कार्ड, कॅन्टीनचं कार्ड आणि युनिफॉर्ममधला फोटो हजर. (कुणा खऱ्या जवानाचा असणार. त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल.)

आधी सोसायटीच्या गेटपासचे २,५०० रुपये, घर बघून झालं की परत मिळणार. मग डिपॉझिट. तर म्हणे आर्मीचं अकाउंट वेगळं असतं, तिथे 'रिव्हर्स पेमेंट' चालतं. तुम्ही पाठवायचे, सिस्टीम ते मोजणार आणि दुप्पट करून परत करणार, मग त्यातला हिशेब. ऐकायला खुळचट वाटतंय ना? मलाही वाटलं. म्हणून मी हुशारी केली आणि आधी एक रुपया पाठवला. दोन रुपये परत आले! मग अर्धं डिपॉझिट म्हणून २२ हजार पाठवले. 'एंट्री अटक गई मॅडम, एक बार और कर दीजिए, दोनों साथ में आ जाएंगे.' पुन्हा २२ हजार. आता ४४ अडकले होते आणि ते सोडवायला आणखी २२ लागणार होते. तिसऱ्यांदा पिन टाकताना माझा हात थरथरत होता, म्हणजे आत कुठेतरी कळलं होतं. पण कळणं आणि थांबणं यांच्यामध्ये तो माणूस फोनवर सतत बोलत होता.

१२ वाजून २० मिनिटांनी मी म्हटलं, मी बँकेत फोन करून विचारते. फोन कट झाला. डीपी गायब.

आता खरी गोष्ट सुरू होते. इथपर्यंतची तुम्ही दहा वेळा वाचली असेल. मी तर लिहिलीही आहे. मास कॉम करून २०२१ मध्ये मी एका पेपरात ट्रेनी होते, तेव्हा ऑनलाइन फसवणुकीवर 'सावध राहा' छापाचा अर्धा पानभर मजकूर माझ्या नावाने छापून आला होता. बाबांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्यात 'उच्चशिक्षितही बळी पडत आहेत' असं एक वाक्य होतं. त्यातला तो 'ही' मी किती तोऱ्यात लिहिला होता!

तर या तज्ज्ञ बाईंनी साडेबारा वाजता काय केलं? बाथरूम घासलं. खरंच. बादली, ब्रश, लिक्विड घेऊन टाइल्सच्या फटी घासत बसले. त्यानंतर ओटा पुसला. नंतर फ्रिजमधल्या शिळ्या कोथिंबिरीचा निकाल लावला. अधूनमधून फोन बघत होते, न जाणो त्याचे पैसे परत येतील! डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हे कुणाला कळता कामा नये. आईला नाही, बाबांना तर नाहीच. त्या ६८ हजारांतले ३० बाबांनी डिपॉझिटसाठी दिले होते. निवृत्त शिक्षकाचे ३० हजार.

पाच वाजता रूममेट आली. चकाचक बाथरूम बघून म्हणाली, ''अगं, काय झालंय?'' आणि मी रडायलाच लागले. सगळं ऐकून तिने आधी एक सणसणीत शिवी दिली (फौजीला) आणि मग समजूत घातली, ''अगं, २०१८ला कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी उडवले लोकांनी. बँकेचे! तू कोण लागून गेलीस? फोन लाव.''

कुठे लावायचा? मी माझाच जुना लेख उघडला. त्यात १५५२६० नंबर होता. २०२१ मध्ये ही हेल्पलाइन सुरू झाली तेव्हाचा. पुढे तो बदलून १९३० झाला, हे रूममेटला माहीत होतं, मला नाही. असो.

१९३० लगेच लागला नाही, पण लागला. पलीकडच्या बाईंना माझ्या दुःखात शून्य रस होता आणि ते फार बरं झालं. बँक कोणती, खाते क्रमांक, किती वाजता, किती रक्कम, ट्रान्झॅक्शनचा १२ आकडी नंबर. चार व्यवहार, चार नंबर. फोन कानाला लावून तोच फोन उघडून नंबर शोधणं हा एक सर्कशीतला प्रकार आहे, त्यामुळे आधी कागदावर उतरवून घ्या. ५ वाजून २५ मिनिटांनी मेसेज आला: तक्रार क्रमांक. मग cybercrime पोर्टलवर जाऊन स्क्रीनशॉट, स्टेटमेंट वगैरे चढवून तक्रार पूर्ण केली. बँकेतही नोंदवली. तिथल्या मुलाने फार गोड आवाजात विचारलं, ''मॅडम, पिन तुम्हीच टाकला होता ना?''

हो रे बाबा, मीच.

या प्रश्नामागे नियम आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला एक परिपत्रक काढलं. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पण स्वतःच्या निष्काळजीपणाने गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणजे माझ्या केसमध्ये सगळा खेळ 'कळवेपर्यंत' या एका शब्दाचा होता.

सोमवारी पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे एका माणसाबद्दल चांगलंही सांगायचंय. पहिला प्रश्न: बँक खातं कुठल्या शाखेत? म्हटलं, सांगलीत. ''मग तिकडे तक्रार द्या ना ताई.'' इथे माझी मास कॉमची डिग्री पहिल्यांदा कामाला आली. रात्रभर बसून वाचलं होतं: १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. मी ते शक्य तितक्या नम्रपणे म्हणून दाखवलं. ठाणे अंमलदारांनी चष्म्यावरून बघितलं. ''प्रेसमध्ये आहात का?'' ''होते,'' मी म्हटलं. ''बसा.''

बसले. दोन तास. आयटी ॲक्टखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो आणि साहेब बंदोबस्ताला गेले होते. ठाण्यातला प्रिंटर बंद. समोरच्या झेरॉक्सवाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, ''सायबर का? स्टेटमेंट, स्क्रीनशॉट, आधार, तीन-तीन सेट काढतो. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाहीये, तो लागेल बरं का.'' आख्ख्या यंत्रणेत सर्वांत नेमकी माहिती या माणसाकडे होती.

बाकावर शेजारी एक आजोबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाइल. त्यांना 'डिजिटल अरेस्ट' झाली होती. दीड दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं की अशी अटक कायद्यात नाहीच. ''मी ऐकलं होतं हो ते,'' आजोबा म्हणाले. ''ऐकलं होतं.'' रक्कम त्यांनी सांगितली नाही. मुलाला माहितीये का, विचारलं, तर फाइलचं बटण लावत म्हणाले, ''तो कॅनडात असतो. त्याला कशाला उगीच.'' मी मान डोलावली. मीही सांगलीला तीन फोन करून 'सगळं मस्त' असंच सांगितलं होतं.

मग माझा नंबर आला. जबाब लिहून घेणारे अंमलदार साधारण बाबांच्याच वयाचे, दोन बोटांनी टाइप करणारे. मी सुरू केलं: मी जाहिरात बघितली, मी फोन केला, मी गेटपासचे पाठवले, मला संशय आला होता तरी मी पाठवले, मी परत पाठवले. प्रत्येक वाक्यात मी, मी, मी. ते मान हलवत टाइप करत होते. शेवटी त्यांनी मॉनिटर वळवला. ''वाचून घ्या.''

वाचलं. 'अज्ञात इसमाने सैन्यदलात असल्याची बतावणी करून, फिर्यादीचा विश्वास संपादन करून, वेळोवेळी ऑनलाइन रक्कम पाठवण्यास भाग पाडून...'

विश्वास संपादन करून! ट्रेनी असताना पोलिसांच्या प्रेसनोटमधून हे तीन शब्द मी रोज उचलायचे. कॉपी, पेस्ट. डेस्कवर आम्ही त्याची टिंगल करायचो. 'आज कँटीनवाल्याने विश्वास संपादन करून कालचा वडा दिला' वगैरे. आणि आता त्याच वाक्याकडे बघताना घशात काहीतरी अडकलं. कारण त्या वाक्याचा कर्ता मी नव्हते. दोन दिवस, बाथरूम घासल्यापासून, माझ्या डोक्यातल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता मीच होते. या माणसाने काही समजूत काढली नव्हती, 'होतं असं' म्हटलं नव्हतं. त्याने त्याच्या खात्याच्या भाषेत सरळ लिहिलं होतं की गुन्हा दुसऱ्या कुणीतरी केलाय.

''काही चुकलंय का?'' त्यांनी विचारलं.

''नाही,'' म्हटलं. सही केली.

कलमं लागली ती भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे फसवणूक, आणि आयटी ॲक्टचं ६६ड, म्हणजे तोतयेगिरी. एफआयआरची एक प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घेतली.

पंधरा दिवसांनी साहेबांनी पैशांचा प्रवास दाखवला. मी १२ वाजून २० मिनिटांना संपले, तेव्हा पैशांचा दिवस सुरू होत होता. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तीन खात्यांत, दोन वेगळ्या राज्यांत. कमिशनवर वापरायला दिलेली खाती. अशा खातेदारांना 'म्यूल' म्हणतात, ओझ्याची खेचरं. ३ वाजून १० मिनिटांनी एटीएममधून रोकड निघाली. १९३० वरची तक्रार साखळीतल्या बँकांकडे जाते आणि ज्या खात्यात पैसे सापडतील तिथे ते रोखले जातात. माझे रोखले गेले १९,२४० रुपये. एका खात्याच्या तळाशी उरलेले.

मला तो कागद हातात घेऊन बघायचा होता. दोन वाजेपर्यंत जवळजवळ ४० हजार एका खात्यात नुसते पडून होते. कुणीही हलवले नव्हते. दोन वाजता मी फटी घासत होते. मी त्या अंमलदारांनाही ते म्हटलं. ते म्हणाले, ''ताई, तुम्ही पाच तासांनी तरी आलात. लोक पाच-पाच महिन्यांनी येतात. काही येतच नाहीत.'' बाकावरचे आजोबा मला तेव्हा आठवले. सांगायचं म्हणजे, ते त्या दिवशी साहेब येण्याआधीच उठून गेले होते. फाइल घेऊन. परत आले का, माहीत नाही.

रोखलेले पैसे आपोआप मिळत नाहीत. कोर्टात अर्ज करावा लागला, तो आदेश बँकेला द्यावा लागला, आणि या सगळ्यात प्रत्येक टेबलावर गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. आठव्या वेळेपर्यंत मी ती दीड मिनिटात बसवली होती. तुळस कधीच गळाली होती. जुलैमध्ये १९,२४० जमा झाले. बाकीचे गेले. फौजी अजून अज्ञातच आहे.

बाबांना मात्र जुलैपर्यंत थांबवलं नाही. जबाब दिला त्याच शनिवारी सांगलीची गाडी पकडली. जेवणं झाल्यावर, आई भांडी आवरत असताना, मी एफआयआरची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. तोंडाने सांगायला जमेना. म्हटलं, ''बाबा, हे वाचा.''

बाबा कुठलाही कागद लाइट बिल वाचल्यासारखा वाचतात. चष्मा, ट्यूबखाली खुर्ची, पहिल्या ओळीपासून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता कपाटाच्या दाराकडे बघत बसले. पान उलटलं. परत मागे आलं. आईने आतून विचारलं, ''काय वाचताय एवढं?'' त्यांनी उत्तर दिलं नाही. खिशातलं पेन काढलं आणि माझ्या नावाखाली रेघ मारली.

''वय चुकलंय,'' ते म्हणाले. ''२९ लिहिलंय त्यांनी. तू २८ची आहेस.''