आधी ब्रश, मग पाणी

रिमोटची गाडी चिखलाने माखून घरी आली की बहुतेक घरांत तिची एकाच पद्धतीने वासलात लागते. कुणीतरी मोठं माणूस ती उचलतं, बाथरूममध्ये नेतं आणि नळ सोडून त्याखाली धरतं. चिखल वाहून जातो, गाडी नव्यासारखी दिसते, फडक्याने पुसून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली जाते. काही दिवसांनी तिचं एक चाक कुरकुरायला लागतं, मग ती नुसतीच एका अंगाला वळत राहते, मग बंद पडते, आणि ‘चायना माल, टिकून टिकणार किती’ असं म्हणत कचऱ्यात जाते. मला राग येतो तो या शेवटच्या वाक्याचा. माल बेताचा असेलही, पण बऱ्याच गाड्यांचा निकाल कारखान्यात नाही, त्या नळाखाली लागतो. नया नगरसारख्या खाडीच्या शेजारी वाढलेल्या वस्तीत तर हे जास्तच खरं आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की इथे गाडी आधी वाळू द्यावी, मग खोलावी, कोरड्या ब्रशने झाडावी आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

नया नगर मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला आहे. दाट इमारती, अरुंद गल्ल्या, हैदरी चौकातली गर्दी, आणि मुलांना गाडी पळवायला मिळते ती सोसायटीच्या कंपाउंडमधल्या पेव्हर ब्लॉकवर, गच्चीवर, नाहीतर जिथे कुठे मोकळी जमीन उरली असेल तिथे. या परिसराची जमीन मुळात खाजणाची. भाईंदरची मिठागरं आणि वसईच्या खाडीकाठची कांदळवनं काही फार लांब नाहीत. त्यामुळे इथल्या गाडीला दोन प्रकारची घाण लागते. एक बांधकामाची धूळ, म्हणजे बारीक रेती, दगडाचा भुगा आणि सांडलेलं सिमेंट. दुसरी खाजणातली काळी चिकणमाती, जिच्यात मीठ मुरलेलं असतं. या दोन्हींना पाणी दाखवलं की नेमकं जे नको तेच होतं. सिमेंटचा कण पाण्याने धुतला जात नाही, तो घट्ट बसतो. चिकणमातीचं पाणी झालं की ती पातळ लगदा होऊन, जिथे आधी पोचलीच नव्हती अशा फटींत शिरते. तीच माती पंख्याखाली पूर्ण वाळू दिली तर आक्रसते, तडकते आणि साध्या जुन्या टूथब्रशने पापुद्र्यासारखी निघते. वाळवायला एक रात्र लागते. घाई असते ती आपल्याला, गाडीला नाही.

बेअरिंगचं उदाहरण घेऊ, कारण सगळा मामला तिथेच उलगडतो. चांगल्या प्रतीच्या गाडीत प्रत्येक चाकामागे सहसा दोन छोटी बेअरिंग असतात, करंगळीच्या नखाएवढी. दोन कड्यांच्या मधून पोलादाच्या गोळ्या फिरतात, आत थोडं ग्रीस असतं आणि दोन्ही अंगांना पातळ पत्र्याची किंवा रबराची चकती असते. पत्र्याची चकती धूळ अडवते, पण पाणी अडवू शकत नाही, कारण तिच्या आतल्या कडेला केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. नळाच्या जोरदार धारेने चिखलाचं पाणी त्या फटीतून आत जातं. पाणी पुढे उडून जातं, रेतीचा कण मात्र गोळ्यांमध्ये बसून राहतो आणि ग्रीससोबत मळला जातो. तिथून पुढे प्रत्येक फेरीगणिक पोलाद घासत राहतं. बाहेरून गाडी लखलखीत दिसत असते. स्वस्त खेळण्यात बेअरिंगच नसतं, चाकाचा दांडा नुसता प्लास्टिकच्या भोकात फिरतो. तिथे रेती अडकली की ते भोक लंबगोल होतं, चाक डुगडुगतं आणि मागचे गिअरचे दाते एकमेकांत नीट बसेनासे होतात. हे कुणी धुऊन बरं करू शकत नाही.

बरं, चिखल ही काही एकच घाण नाही. घरातल्या फरशीवर चालणाऱ्या गाडीचं चाक काढून पाहावं. मागच्या चाकाचा नट सोडवून चाक ओढलं की दांड्याभोवती केसांचं आणि दोऱ्यांचं घट्ट कडं दिसतं, काळं आणि फेल्टसारखं दाबलेलं. चटईचा धागा, ओढणीचा दोरा, लांब केस, सगळं फिरत फिरत तिथे गोळा झालेलं असतं. घासून घासून इतकी उष्णता होते की शेजारचं प्लास्टिक वितळून चकाकतं. नळाखाली कितीही वेळ धरा, हे कडं हलत नाही, उलट भिजून फुगतं. त्याला ब्लेडच्या टोकाने एक उभी चीर द्यावी लागते आणि चिमट्याने उपसावं लागतं. ‘मोटार गेली’ म्हणून टाकून दिलेल्या गाड्यांमध्ये पुष्कळदा मोटार धडधाकट असते, हे कडं ओढून ओढून ती दमलेली असते.

खोलायचं म्हणजे फार अवघड काही नसतं. बॅटरी पहिल्यांदा बाहेर, यात तडजोड नाही. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या खणांत ठेवावेत, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला की प्लास्टिक फोडून बाहेर येतो. वरची बॉडी सुटी झाली की तिच्यात वायर नाही ना ते बघून ती साबणाच्या कोमट पाण्याने बिनधास्त धुवावी. तिला पाण्याचं भय नाही, भय आहे थिनरचं आणि पेट्रोलचं. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक बॉडी थिनरने तडकते, साध्या प्लास्टिकची विरघळते. गिअर, दांडे आणि सर्किटवरची पुटं यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, त्यांच्या टेबलावर त्याची बाटली आणि ताठ केसांचा ब्रश कायम असतो. ते वापरताना खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस पेटलेला नको. मोटारीच्या दांड्याच्या दोन टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. उघड्या गिअरना मात्र जाड ग्रीस थापू नये, धूळ त्यावर येऊन बसते आणि त्याचाच घासकागद होतो. सर्रास फवारलं जाणारं डब्ल्यूडी-४० पाणी हुसकायला बनवलेलं आहे. ते बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि त्याच्या जागी टिकाऊ असं काही ठेवत नाही. फवारलंच तर नंतर तेल द्यायला हवं.

यावर सगळ्यात जोरात येणारा आक्षेप म्हणजे, ‘खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय की.’ इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा दावा मला सरळसरळ अन्याय वाटतो. पुष्कळ खेळण्यांवर नुसतं वॉटरप्रूफ छापलेलं असतं, कुठल्या कसोटीवर ते लिहिलेलं नसतं. ज्यांच्यावर आयपी ६७ असा शिक्का असतो, त्या शिक्क्याचा अर्थ ठरलेला आहे. ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवलं तर अपाय होईल इतकं पाणी शिरत नाही. पण त्या कसोटीतली धूळ टाल्कम पावडरची असते आणि पाणी गोडं, तेही स्थिर. खाजणातला खारा चिखल आणि धावणाऱ्या गाडीचे हादरे त्या चाचणीत नसतात. शिवाय हा शिक्का बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक भागापुरता असतो, म्हणजे रिसीव्हर, वेग सांभाळणारं सर्किट आणि फार तर स्टिअरिंगचा सर्व्हो. बेअरिंग, मोटारीचे कार्बन ब्रश आणि पोलादी स्क्रू यांना तो लागू नसतो. छंदाच्या महागड्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकेत लिहितात, की ओल्या जागेत चालवल्यावर बेअरिंग काढून वाळवा आणि तेल द्या. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक असतं. ते पुस्तिकेत आत बारीक अक्षरात जातं आणि खोक्याच्या दर्शनी बाजूला गाडी पाण्याचे फवारे उडवत झेपावताना दाखवली जाते. दहा वर्षांचं पोर चित्र बघणार की पुस्तिका वाचणार? त्याने चित्रावर विश्वास ठेवला तर चूक त्याची कशी? आणि गाडी बंद पडल्यावर बोलणी कोण खातं, तर तेच पोर, ‘नीट वापरायला येत नाही’ म्हणून.

आता पाण्याविरुद्ध एवढं बोलून झाल्यावर उलटी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती तितकीच खरी आहे. गाडी खाऱ्या पाण्यात किंवा खाजणाच्या ओल्या चिखलात गेली असेल, तर वाळवत बसण्याचा वरचा सल्ला विसरावा. तिथे गोडं पाणीच हवं आणि लगेच हवं. मिठाचा स्वभावच तसा आहे. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच. मुंबईच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर असणं नेहमीचं आहे. म्हणजे जिच्या फटीत मीठ राहिलं ती गाडी त्या दोन महिन्यांत खरी वाळतच नाही, वरवर कोरडी दिसली तरी आत खारं पाणी धरून बसते आणि स्क्रू, बेअरिंग, मोटारीचं कवच एकेक करून गंजत जातं. मीठ ब्रशने निघत नाही, अल्कोहोलमध्येही ते जवळजवळ विरघळत नाही. त्याला उतारा पाण्याचाच. तेव्हा बॅटरी काढून, सर्किट शक्यतो वेगळं करून, मगाने हळू पाणी ओतावं, दोन-तीनदा बदलावं, मग झटकून पंख्याखाली ठेवावं आणि बेअरिंगना तेल द्यावं. हेअर ड्रायरची गरम हवा नको, प्लास्टिक वाकडं होतं. तांदळाच्या डब्यातही ठेवू नये, त्याने ओल जाण्याऐवजी पिठूळ भुकटी आत जाते. मग नळाखाली धरणाऱ्यांचं बरोबरच होतं की काय? पाण्यापुरतं, काही वेळा, हो. पण बॅटरी आत ठेवून, जोराच्या धारेखाली आणि नंतर न खोलता, हे कधीच बरोबर नव्हतं.

रिमोटकडे तर कुणी बघतच नाही. गाडी चालत नाही म्हणून तिची चिरफाड होते आणि दोष निघतो रिमोटमधल्या पाझरलेल्या सेलचा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की व्हिनेगर लावा असं बरेच जण सांगतात. तो सल्ला अल्कलाइन सेलचा, कारण त्यातून क्षार पाझरतो आणि आम्लाने तो मरतो. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळणारे स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात, त्यांचा पाझर आम्लाकडे झुकणारा. त्याला खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट हवी. कापसाच्या काडीने लावावी, ओल्या काडीने पुसावी, शेवटी आयपीएचा हात द्यावा. सेलवर काय छापलंय ते आधी वाचलं की काम सोपं होतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. काहीशे रुपयांच्या खेळण्यासाठी कोण इतका वेळ घालवणार, त्यापेक्षा नवीन आणा. हे मला पटत नाही, आणि फक्त काटकसरीपायी नव्हे. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. ‘नवीन आणा’ हे ईदीच्या पैशांतून गाडी घेणाऱ्या पोराला सांगणं सोपं, त्याला ते जमवणं कठीण. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण ते चिन्ह मुलाच्या सुरक्षिततेचं आहे, गाडी किती टिकेल आणि तिचा सुटा भाग मिळेल का, याबद्दल ते काही बोलत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. खेळणी त्यात नाहीत. उलट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत विजेवर चालणारी खेळणी आली. म्हणजे खेळणं मेल्यावर त्याचं काय करायचं याला नियम आहे, ते जगवायला लागणारा दहा-वीस रुपयांचा गिअर कुणी पुरवावा याला नाही. अशा वेळी हाताशी एकच उपाय उरतो, गिअर झिजूच न देणं, आणि तो साफसफाईतूनच जातो.

शेवटचा आक्षेप आयांचा असतो, आणि तो मी हलका मानत नाही. ‘चिखलात नेलीच नाही तर साफ करायचा प्रश्नच येत नाही.’ तर्काने हे बिनतोड आहे. पण नया नगरच्या पोराने गाडी न्यायची कुठे? कंपाउंडमध्ये स्कूटर उभ्या, गच्चीला कुलूप, रस्त्यावर रिक्षांची रांग. उतारावरून उडी मारणारी गाडी मोकळ्या मातीतच खुलते, आणि इथली मोकळी माती खारी आहे. कांदळवनात शिरू नये, ते संरक्षित आहे आणि तिथे गाडीच काय, माणूसही रुतेल. बाहेरच्या बांधावर, कोरड्या कडेला जाऊ द्यावं. फक्त निघताना नळाच्या पाण्याची एक बाटली आणि एक स्क्रू ड्रायव्हर सोबत द्यावा, आणि गाडी खाऱ्यात पडलीच तर घरी पोचायची वाट न बघता बॅटरी तिथल्या तिथे कशी काढायची, ते पोराला आधीच एकदा करून दाखवावं.